मटार गोठवण्याआधी उकळायचे कशाला?

जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मंडईत मटारच्या शेंगांचे ढीग लागतात आणि भाव एकदम खाली येतो. त्या दिवसांत आमच्या घरचा एक रविवार शेंगा सोलण्यात जातो. वर्षभराची नाही, तरी जूनपर्यंतची बेगमी होते. आईची पद्धत ठरलेली आहे. मोठ्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणायची, सोललेले दाणे पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यात सोडायचे, पाणी पुन्हा उकळू लागले की शंभर अंक मोजायचे आणि पुरचुंडी उचलून थेट बर्फाच्या पाण्यात टाकायची. मग दाणे पंचावर पसरून कोरडे करायचे, पिशव्या भरायच्या आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात रचायच्या.

ज्या वर्षी मी पीएच.डी. झालो, त्याच वर्षी मी स्वतःच्या पैशाने पहिला फ्रिज घेतला. तेव्हा मी आईला म्हणालो, "अगं, गोठवायचेच आहेत तर उकळतेस कशाला? अन्न नासवतात ते जंतू. बर्फात जंतू वाढत नाहीत. उकळून उगाच जीवनसत्त्व मात्र घालवतेस." आई म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तुझं तू बघ. मी आपले माझे पाण्यातून काढून ठेवते." दोन्ही प्रकारच्या पिशव्या एकाच कप्प्यात गेल्या.

मे महिन्यात पाहुणे आले आणि मटारभात करायचे ठरले. माझी पिशवी उघडली तर दाण्यांचा रंग फिका, मळकट झालेला. शिजवल्यावर वाळल्या कडब्यासारखा वास सुटला आणि चव कडवट लागली. आईच्या पिशवीतले दाणे हिरवेगार आणि गोड होते. जंतूंनी हे केले नव्हते हे मलाही कळत होते. दाणे ना चिकट झाले होते, ना आंबले होते. मग बर्फात बसून त्या दाण्यांचे बिघडले काय?

पुढे या विषयावरचे जुने वाङ्मय चाळले तेव्हा थोडा दिलासा मिळाला. नेमकी हीच चूक १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक हुशार माणसांनी केली होती, आणि ती निस्तरताना विकरांविषयी (यांनाच इंग्रजीवरून आपण एन्झाइम म्हणतो) बरेच काही शिकायला मिळाले होते.

लॅब्राडोरचे मासे

गोठवलेल्या अन्नाचा इतिहास सांगताना क्लॅरेन्स बर्ड्सआय हे नाव पहिले येते. याचा जन्म १८८६ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. पैशाअभावी त्याला महाविद्यालयाचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मग काही काळ त्याने सरकारी खात्यात प्राणिनिरीक्षकाचे काम केले आणि १९१२ साली तो लॅब्राडोरला गेला. हा प्रदेश आज कॅनडात आहे. लोकरी कातड्यांचा व्यापार करीत त्याने तिथे काही वर्षे काढली. पुढे बायको आणि तान्हे मूलही तिथेच होते.

तिथले इनुइट लोक बर्फात भोक पाडून मासे पकडीत. उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी आणि बोचरा वारा, त्यामुळे मासा बाहेर काढताच काही क्षणांत लाकडासारखा कडक होई. (उणे ४० म्हटल्यावर सेल्सियस की फॅरनहाइट, असे विचारायचे कारण नाही. हे एकच तापमान असे आहे की जिथे दोन्ही मापे जुळतात. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.) हा मासा कित्येक महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागे. हिवाळ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी, थंडी कमी असताना गोठलेला मासा मात्र वितळल्यावर मऊ आणि बेचव होई. हा फरक बर्ड्सआयने ध्यानात ठेवला. आपल्या घरासाठी त्याने खाऱ्या पाण्याच्या पिंपात कोबीही गोठवून पाहिला.

फरकाचे कारण सोपे आहे. पाणी गोठताना सर्वात जास्त स्फटिक उणे १ ते उणे ५ अंश सेल्सियसच्या पट्ट्यात तयार होतात. हा पट्टा रेंगाळत ओलांडला तर थोडेच, पण मोठे स्फटिक वाढतात आणि पेशींना फाडतात. झटकन ओलांडला तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि पेशींची मोडतोड कमी होते. जर्मनीत रुडॉल्फ प्लँक आणि त्याचे सहकारी यांनी १९१६ मध्ये माशांवरील प्रयोगांतून हे शास्त्रीय पद्धतीने दाखवले होते. इनुइट लोकांना ते कधीपासून ठाऊक होते कोण जाणे! पेटंटवर अर्थातच त्यांचे नाव नाही.

परत आल्यावर बर्ड्सआयने मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मच्छीमारी बंदरात १९२४ साली कंपनी काढली. अन्न पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, अतिथंड धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून गोठवायचे, असे त्याचे यंत्र होते. १९२९ साली, शेअरबाजार कोसळण्याच्या थोडेच आधी, त्याचा सगळा धंदा आणि पेटंटे २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड या गावातील मोजक्या दुकानांत गोठवलेले मांस, मासे, फळे, पालक आणि मटार विक्रीला आले.

बहुतेक पुस्तकांत ही गोष्ट इथे संपते. माझ्या मते मटारची खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण माशाला लागू पडलेली युक्ती भाजीला पुरली नाही.

थंडी झोपवते, मारत नाही

मासे आणि मांस वेगाने गोठवले की काम झाले. भाज्यांची तक्रार वेगळी होती. कितीही वेगाने गोठवा, काही आठवड्यांत कच्च्या मटारला, पालकाला, घेवड्याला वाळल्या गवताचा वास येई आणि रंग उडे. डबाबंद भाज्या करणारे कारखाने भाजी डब्यात भरण्यापूर्वी गरम पाण्यातून काढीत. पण त्यांचा हेतू भाजीतली हवा घालवणे आणि तिचा फुगवटा कमी करणे हा होता. गोठवताना त्याची गरज नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. मलाही तसेच वाटले होते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न एकाच वेळी अनेक ठिकाणी हाताळला जात होता. कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रूस आणि जॉस्लिन, ग्लॉस्टरला बर्ड्सआयकडे नोकरीस असलेला रसायनज्ञ डोनाल्ड ट्रेसलर, इंग्लंडात केंब्रिजचे शीतसंशोधन केंद्र, अमेरिकेच्या कृषी खात्याची सिॲटलमधील प्रयोगशाळा, अशी ही मंडळी. उत्तर सगळीकडे जवळपास तेच आले : आधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरलेली भाजी टिकते. यातला पहिला कोण, या वादात शिरण्यात मला अर्थ वाटत नाही. प्रश्न पिकला की तो असा चार-पाच ठिकाणी एकदम सुटतो. सिॲटलच्या डील आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली एक लेख लिहून स्पष्टच सांगितले की, अन्न गोठलेले असले तरी त्यातले विकर चव बिघडवू शकतात.

आज हे वाचून आश्चर्य वाटत नाही. पण तेव्हा विकर म्हणजे मुळात काय पदार्थ आहे, यावरच एकमत नव्हते. आणि यात एक गंमत आहे. विकर हे प्रथिन नव्हे, असे ठामपणे म्हणणाऱ्यांत अग्रणी होता रिशार्ड विल्श्टेटर हा जर्मन रसायनज्ञ. त्याला १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते ते वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील कामाबद्दल. म्हणजे मटारच्या हिरव्या रंगाचा तो जाणकार! पुढे तो पेरॉक्सिडेज या विकराच्या मागे लागला. मुळ्याच्याच कुळातील एका तिखट मुळापासून त्याने हे विकर इतके शुद्ध केले की विकराचे काम तर होत होते, पण त्या काळच्या कसोट्यांना प्रथिन सापडत नव्हते. त्याने निष्कर्ष काढला : प्रथिन हे केवळ वाहक, खरे विकर काही वेगळेच. प्रत्यक्षात पेरॉक्सिडेज इतके प्रभावी असते की कसोटीला सापडणार नाही एवढ्या अल्प प्रमाणातही ते काम करून जाते. कसोटी अपुरी होती. त्याने ती पुरेशी मानली.

१९२६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनरने यूरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिनच आहे असे जाहीर केले. समनरचा डावा हात लहानपणी शिकारीतील अपघातात गेला होता आणि तो डावखुरा होता. एका हाताने रसायनशास्त्र कसे करणार, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने कच्चा माल म्हणून निवडली ती आपल्याकडील अबईच्या जवळच्या जातीची शेंग, म्हणजे मटारच्याच कुळातली. बरीच वर्षे विल्श्टेटरपंथीयांनी त्याचे म्हणणे मानले नाही. १९४६ साली त्याला नॉर्थ्रॉप आणि स्टॅन्ली यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

विकर हे प्रथिन आहे, हे एकदा मान्य केले की आईच्या पातेल्याचा अर्थ लागतो. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट तऱ्हेने दुमडलेली असते आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. उष्णतेने ती घडी उलगडते. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे आहे. थंडीने मात्र ती बहुतेक वेळा जशीच्या तशी राहते. विकराचे काम मंदावते, पण बंद पडत नाही.

गोठण्याने तर एक जास्तीची आपत्ती ओढवते. मटारच्या दाण्यातले पाणी शुद्ध नसते, त्यात साखर आणि क्षार असतात. त्यामुळे सगळे पाणी एकदम गोठत नाही. जसजसा बर्फ होतो तसतसे उरलेले द्रावण अधिकाधिक घट्ट होत जाते. उणे १८ अंशांनाही दाण्यात थोडे न गोठलेले पाणी उरतेच. दुसरीकडे बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची पटले फाटतात आणि एरवी वेगळ्या खोल्यांत राहणारे विकर आणि त्याचे भक्ष्य या घट्ट द्रावणात एकमेकांशेजारी येतात. मी दाणे न उकळता गोठवले, म्हणजे चोर आणि तिजोरी एका खोलीत कोंडून बाहेरून दार लावले!

यातला चोर कोण, हे हळूहळू कळले. १९३२ साली फ्रान्समध्ये आंद्रे आणि हू यांना सोयाबीनमध्ये असे एक विकर सापडले की जे हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण घडवते. त्याला पुढे लायपॉक्सिजनेज हे नाव पडले. १९४७ साली स्वीडनमध्ये थिओरेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनमधूनच त्याचे स्फटिक मिळवले. मटारमध्येही ते भरपूर असते. दाण्यात मेद अगदी थोडा असतो, पण त्यातले लिनोलेइक आम्ल तुटले की हेक्झॅनलसारखी अल्डिहाइडे तयार होतात, आणि त्यांचा वास नाकाला अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. कडब्याच्या वासात त्यांचा मोठा वाटा आहे. या अभिक्रियेच्या ओघात हरितद्रव्याचा रंगही उडतो. सोयाबीनचे दूध न उकळता काढले तर जो उग्र वास येतो, त्याचेही हेच कारण.

कसोटीची निवड

उकळायचे हे ठरले, पण किती वेळ? कमी उकळले तर विकर उरते, जास्त उकळले तर दाणा मऊ पडतो आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरते. कारखान्याला झटपट कसोटी हवी होती. सुरुवातीला निवडले गेले कॅटॅलेज हे विकर, कारण ते ओळखणे फार सोपे असते. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो.

हा प्रयोग शाळेत सहज होतो. चार कच्चे दाणे थोड्या पाण्यात वाटा आणि परीक्षानळीत घ्या. औषधाच्या दुकानातले २० व्हॉल्यूमचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितकेच पाणी घालून पातळ करा आणि त्यातले थोडे नळीत टाका (हे शिक्षकांनी स्वतः करावे, त्वचेला आणि डोळ्यांना ते लागता कामा नये). फसफसून फेस येईल. मग दाणे उकळत्या पाण्यात २० सेकंद, ६० सेकंद, १२० सेकंद ठेवून, लगेच गार करून हाच प्रयोग करा. सर्वात महत्त्वाची नळी शेवटची : न उकळता आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले दाणे वितळवून वाटा. तिच्यातही फेस येतो. आठवडाभराच्या थंडीने विकर मेलेले नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. दहा ओळींच्या व्याख्येपेक्षा हे बरे.

पण कॅटॅलेज लवकर मरते. ते नष्ट झाल्याची खात्री करून गोठवलेल्या काही भाज्याही बिघडू लागल्या, तेव्हा कारखान्यांनी अधिक चिवट विकराची कसोटी घेतली. हे चिवट विकर म्हणजे पेरॉक्सिडेज, विल्श्टेटरला चकवणारेच! ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले आणि साडेतीन मिनिटांत विटकरी तांबडा रंग आला नाही, तर उकळणे पुरेसे झाले असे मानायचे. भाज्यांतील नेहमीच्या विकरांमध्ये पेरॉक्सिडेज सर्वात जास्त उष्णता सोसते. ते मेले म्हणजे बाकीचे मेलेच असणार, असा हिशेब होता. हिशेब सुरक्षित होता, पण त्यात एक गफलत होती. चव बिघडवणारे विकर हेच आहे, असे कोणी दाखवलेले नव्हते. ते तपासायला सोपे आणि मरायला अवघड, एवढ्याच गुणांवर त्याची निवड झाली होती. शिवाय त्याला मधूनच उठून बसायची खोड आहे. थोडा वेळ तापवलेले पेरॉक्सिडेज काही तासांनी पुन्हा थोडे काम करू लागते, कारण त्याची उलगडलेली घडी काही अंशी परत दुमडते.

या कसोटीपायी कित्येक दशके जगभर भाज्या जरुरीपेक्षा जास्त उकळल्या गेल्या. त्यासाठी जास्तीचे पाणी तापवावे लागले, जास्तीचे इंधन जळले आणि जीवनसत्त्वे सांडपाण्यात गेली. १९७० च्या दशकात जर्मनीतील तपासणीत दिसले की मटारमध्ये थोडे टक्के पेरॉक्सिडेज शिल्लक असतानाच चव सर्वात चांगली राहते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत व्हिटेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रश्न सरळ विचारला. त्यांनी भाजीतले विकर उष्णतेने मारले, मग एकेक शुद्ध विकर परत त्यात मिसळले आणि वास घेणाऱ्या तरबेज परीक्षकांपुढे ठेवले. मटार आणि घेवड्यात कडब्याचा वास आणणारे ठरले लायपॉक्सिजनेज, पेरॉक्सिडेज नव्हे. ब्रोकोली आणि फ्लॉवरमध्ये तर गुन्हेगार तिसराच निघाला, सिस्टिन लायेज. इतका साधा प्रयोग करायला पन्नास वर्षे लागली, याचे मला अजूनही नवल वाटते. शुद्ध विकरे मिळवण्याची तंत्रे सुधारावी लागली हे खरे. पण चालू असलेल्या कसोटीवर शंका घ्यायची निकड कोणाला वाटली नाही, हेही तितकेच खरे आहे.

शून्य अंश फॅरनहाइट

दुसरे महायुद्ध गोठवलेल्या भाज्यांच्या पथ्यावर पडले. १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि अमेरिकेला कथिलाची टंचाई भासू लागली. डब्याच्या पत्र्याला कथिलाचा मुलामा लागतो. गोठवलेल्या मटारला मेणकागदाचे खोके चालते. खेड्यापाड्यांत सार्वजनिक शीतगृहे होती. शेतकरी कुटुंबे तिथे कप्पा भाड्याने घेत आणि आपल्या बागेतल्या भाज्या गोठवून ठेवीत. कृषी विस्तार खात्याची माणसे त्यांना भाजी पाण्यातून कशी काढायची ते शिकवीत. घरच्या स्वयंपाकघरात ही पद्धत अशी पोहोचली. युद्धानंतर घरोघरी गोठवणपेट्या आल्या.

याच काळात बर्ड्सआयच्या वेगालाही धक्का बसला. १९४० च्या दशकातील अमेरिकन प्रयोगांत दिसले की मटारसारख्या बारीक दाण्यांत गोठवण्याचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चवीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आधी उकळण्याने आणि नंतर साठवणीच्या तापमानाने.

हे तापमान किती असावे? जगभर उणे १८ अंश सेल्सियस मानले जाते. हा आकडा कुठून आला असेल? तो आहे शून्य अंश फॅरनहाइट, एक गोळाबेरीज आकडा. फॅरनहाइटने १७२४ साली बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य ठरवले, त्याचा मटारशी काहीच संबंध नव्हता. मात्र १९४८ पासून कॅलिफोर्नियातील अल्बनी येथे अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षे हजारो नमुने वेगवेगळ्या तापमानांना ठेवून, ठरावीक काळाने चव घेऊन पाहिली आणि हा आकडा कामाचा ठरला. शून्य फॅरनहाइटला मटारची चव वर्षभराच्या आसपास टिकते. तापमान दर १० फॅरनहाइट अंशांनी वाढले की ही मुदत साधारण एकतृतीयांशावर येते. म्हणजे उणे ७ सेल्सियसला जेमतेम महिना-सव्वा महिना.

आपल्या घरातील एका दाराच्या साध्या फ्रिजचा वरचा कप्पा नेहमी उणे १८ पर्यंत जातोच असे नाही. कप्प्यावर तारे छापलेले असतील तर पाहावे : एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. वीज गेल्यावर होणारे हाल वेगळेच. न उकळलेले दाणे अशा कप्प्यात किती झपाट्याने बिघडत असतील, याचा हिशेब मी मे महिन्यानंतर केला.

सुरकुतलेले दाणे

मटारच्या गोडीचा धागा थेट मेंडेलपर्यंत जातो. १८६५ साली ब्रुनो येथील सभेत वाचलेल्या आणि १८६६ साली छापलेल्या निबंधात त्याने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांची गोष्ट सांगितली आहे. ही जोडी आपण शाळेत पाठ करतो, पण दाणा सुरकुततो का, हे सहसा विचारत नाही. १९९० साली इंग्लंडमधील जॉन इनस संस्थेत मदन भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले. पिष्टाच्या रेणूला फांद्या फोडणारे विकर बनवणाऱ्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो. विकर बनत नाही, म्हणून पिष्ट कमी आणि साखर जास्त राहते. साखरेमुळे कोवळ्या दाण्यात पाणीही जास्त शिरते, आणि वाळल्यावर तो सुरकुततो. गोठवण्यासाठी पिकवले जाणारे गोड मटार बहुतेक याच सुरकुतलेल्या वाणांचे असतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे लावले जाणारे अर्केल आणि बोनव्हिल हे वाणही त्यातलेच. पुढच्या खेपेस बियाण्याची पुडी उघडून पाहा.

तोडलेल्या शेंगेत दाणा जिवंत असतो. तो जोरात श्वसन करतो, साखर जाळतो आणि उरलेल्या साखरेचे पिष्ट करत राहतो. म्हणून सकाळी तोडलेली शेंग संध्याकाळपर्यंत पाण्यातून निघून गोठली तर उत्तम. दोन दिवस टोपलीत पडलेल्या मटारला गोठवून गोडी परत येत नाही. पुरंदरकडून पहाटे आलेली गाडी गाठायला आई का धडपडे, हे मला असे उशिरा कळले.

घरी करताना आणखी दोन-तीन गोष्टी. पाणी भरपूर हवे, अर्धा किलो दाण्यांना चारेक लिटर. नाहीतर दाणे टाकताच उकळी बसते आणि वेळेचा हिशेब चुकतो. उकळी पुन्हा आल्यावर दीड ते दोन मिनिटे पुरतात, आणि तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. भांड्यावर झाकण ठेवू नये. दाण्यातून निघणारी बाष्पनशील आम्ले उडून गेली तर हरितद्रव्य टिकते. पिशव्या चपट्या भराव्यात आणि एकावर एक न रचता पसरून ठेवाव्यात. एक किलो मटारमध्ये पाऊण किलोच्या आसपास पाणी असते. ते नुसते गोठवायला, ग्रॅमला ८० कॅलरी या हिशेबाने, ६० हजार कॅलरी काढून घ्याव्या लागतात. ३० अंशांवरून शून्यापर्यंत गार करायला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. पाच किलोचा गठ्ठा एकदम कोंबला तर बिचारा फ्रिज दोन दिवस धापा टाकतो. कारखान्यात १९६० च्या दशकापासून, स्वीडनमध्ये निघालेल्या पद्धतीने, दाणे खालून येणाऱ्या थंड हवेच्या झोतावर तरंगवून काही मिनिटांत सुटे सुटे गोठवतात.

आणि उकळणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. २०१८ साली युरोपात लिस्टेरिया जंतूची लागण गोठवलेल्या मक्यापर्यंत माग काढत नेली गेली, त्यात माणसे दगावली. थंडी जंतूंनाही झोपवतेच फक्त. म्हणून गोठवलेले मटार शिजवूनच खावेत.

दोन वर्षांमागे आईच्या रविवारी मी प्रयोगशाळेतून ग्वायकॉलची छोटी बाटली घरी नेली. पन्नास, शंभर आणि दीडशे अंक मोजून काढलेले दाणे वेगवेगळ्या वाट्यांत कापून थेंब टाकले. पन्नासची वाटी लगेच तांबडी झाली. दीडशेची तशीच राहिली. शंभरच्या वाटीत बऱ्याच वेळाने दाण्याच्या मधोमध फिकट गुलाबी छटा आली, म्हणजे थोडेसे पेरॉक्सिडेज उरले होते. जर्मन तपासणीप्रमाणे असे थोडे उरलेलेच बरे. मी आईला म्हणालो, "तुझं शंभर अगदी बरोबर आहे." ती म्हणाली, "मग? मला माझ्या मावशीने सांगितलं होतं."

पाण्यात ती चिमूटभर खायचा सोडाही टाकते. त्याने रंग हिरवा राहतो, पण दाणा मऊ पडतो आणि क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, हे मी तिला दरवर्षी सांगतो. सोडा ती अजूनही टाकते.